पाण्याने कोरलेले लेणे

पहाटेचे साडेतीन वाजले होते. पोर्ट ब्लेअरच्या लॉजबाहेर गाडी येऊन उभी राहिली तेव्हा धाकटी अर्धवट झोपेतच होती. आजींची तयारी मात्र केव्हाच झाली होती. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि बिस्किटांचे दोन पुडे होते.

ठाण्याच्या या पाच जणांनी आदल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले होते. सावरकरांच्या कोठडीपुढे आजी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. अंदमानला जाणारी अनेक मराठी मंडळी त्यासाठी जातात. पण थोरल्याने चुनखडीच्या गुहेचे चित्र पुस्तकात पाहिले होते. तशी गुहा शंभरेक किलोमीटरवरच्या बाराटांग बेटावर आहे असे कळल्यापासून त्याने सगळ्यांच्या मागे धोशा लावला होता.

जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. येथून पुढे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या बंदोबस्तात, ताफ्यानेच सोडल्या जातात. मध्ये थांबायचे नाही, पुढच्या गाडीला ओलांडायचे नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही द्यायचे नाही, हे नियम ड्रायव्हरने सांगितले. बाबांनी कॅमेरा बॅगेत ठेवला. आजींना मात्र शेवटचा नियम पटेना.

"एखादे लेकरू समोर आले तर बिस्किटही द्यायचे नाही? ही कुठली रीत?"

सूनबाई इस्पितळात परिचारिका. ती म्हणाली, "आई, तुम्ही मायेनेच द्याल हो. पण आपल्याला साधे वाटणारे आजार त्यांच्या जिवावर बेततात. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. शिवाय जंगलात पोट भरणाऱ्याला रस्त्यावर हात पसरायची सवय कुणी लावली, तर ती आपणच लावली, नाही का?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. १९९७-९८ पर्यंत जारवा बाहेरच्या माणसाला जवळ येऊ देत नसत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ३८० भरली. शेजारच्या ग्रेट अंदमानी जमातीची माणसे एकोणिसाव्या शतकात हजारोंनी होती. साथीचे आजार आणि बाहेरच्यांचा संपर्क यांतून २०११ मध्ये ४४ उरली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. तरीही तो वाहतोच आहे.

दोन्ही बाजूंना गर्जन आणि पडौकचे उंचच उंच वृक्ष होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे सदाहरित रान. एका वळणावर रस्त्याच्या कडेला दोन मुले उभी दिसली. आजींचा हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. गाडी पुढे निघून गेली. बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

मिडल स्ट्रेटला गाडी सोडून फेरीबोटीने खाडी ओलांडली, की निलांबूर जेट्टी लागते. तेथून लहान मोटारबोट खारफुटीच्या जंगलात शिरते. खाडी अरुंद होत जाते, दोन्ही काठांची झाडे डोक्यावर कमान धरतात. या पाण्यात मगरी असतात हे ऐकून धाकटीची झोप पार उडाली. मग रानातून दीडेक किलोमीटरची पायवाट. आजी काठी टेकत, दोनदा बसत, पण पोहोचल्या.

गुहेच्या तोंडाशी फटींतून उजेड येतो. पुढे वाट अरुंद होते आणि अंधार दाटतो. वाटाड्याने टॉर्च वर केला आणि छतातून लोंबणारे पांढरे, ओले दगड चमकले. धाकटीने विचारले, "हे लेणे कुणी कोरले?"

प्रश्न बरोबर होता. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या मुलीला गुहा म्हणजे छिन्नी-हातोड्याचे काम. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. त्यातली लेणी माणसांनी खोदली. येथे कारागीर आहे तो पाऊस. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचे पाणी किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळवत खाली झिरपते. गुहेत थेंब छताला लोंबतो तेव्हा तो वायू निसटतो आणि चुन्याचा पातळसा थर मागे राहतो. थरावर थर चढून वरून लोंबणारा लवणस्तंभ तयार होतो. खाली पडलेल्या थेंबांतून दुसरा स्तंभ जमिनीतून वर येतो. वर्षभरात ही वाढ बहुधा मिलिमीटरच्या अंशाइतकीच होते. हातभर स्तंभाला कित्येक हजार वर्षे लागू शकतात.

थोरल्याने हात पुढे केला तसा आजींनी तो धरला. वाटाड्याने काही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "लांबूनच पाहा. सगळ्याच गोष्टींना हात लावायचा नसतो."

कारणही तसेच आहे. हाताचा तेलकटपणा दगडाला लागला की तो काळवंडतो आणि त्यावर नवा थर नीट बसत नाही.

बाराटांगला जाऊ इच्छिणाऱ्यांनी डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. टॉर्च, पाणी, न घसरणाऱ्या चपला बरोबर असाव्यात. परतीचा शेवटचा ताफा दुपारीच सुटतो, म्हणून वेळेचे भान ठेवावे. निघण्यापूर्वी गुहा उघडी आहे ना याची, तसेच जारवांचे जंगल टाळून समुद्रमार्गे जाणारी बोट मिळते का याचीही चौकशी जरूर करावी. सोय असेल तर तोच मार्ग चांगला. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे, हेही आरक्षण करताना ध्यानात असावे.

परतीच्या वाटेवर आजींनी खिडकीचा पडदा स्वतःच ओढून घेतला. बिस्किटांचे पुडे लॉजवर पोहोचल्यावरच फुटले. मुलांनी ते चहात बुडवून खाल्ले.