सहलीतून गाळलेले गाव

कार्यक्रमपत्रिकेवर जितकी गावे अधिक तितकी सहल मोठी, अशी एक समजूत आपल्या शाळाशाळांतून रूढ झाली आहे. संध्याकाळी हैदराबादेहून आगगाडीत बसावयाचे, सकाळी छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, उतरावयाचे, आणि तीन दिवसांत बिबीचा मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, पैठण व जमल्यास शिर्डी इतके सर्व उरकून परतावयाचे! मुले धावून थकतात, आम्ही मुले मोजून थकतो. परत आल्यावर निबंधाच्या वहीत ‘कैलास लेणे फार सुंदर आहे’ या वाक्यापलीकडे काही उरत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. पाऊण तासात याहून अधिक कोणास काय दिसणार?

अशा सहलींची मीही एक पुरस्कर्ती होते. त्यामुळे हा लेख टीकेपेक्षा कबुलीच्या स्वरूपाचा अधिक आहे.

गेल्या हिवाळ्यातील सहलीचा आराखडा मीच तयार केला होता. त्यात दौलताबाद व वेरूळ यांच्या मध्ये खुलताबाद हे नाव होते. पालकांच्या सभेत दोन-तीन सद्गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “बाई, मुलांना कबरी दाखविण्याचे काय प्रयोजन?” २०२५ च्या मार्च महिन्यात तेथील एका कबरीवरून वर्तमानपत्रांत काय काय येत होते, हे सर्वांच्या स्मरणात होते. मी वाद घातला नाही. आराखड्यातील ते नाव मी खोडले. पेन माझ्याच हातात होते, दुसऱ्या कोणाच्या नव्हे.

सहलीच्या दिवशी दौलताबादचा किल्ला उतरून आमची बस घाट चढू लागली. वर पठारावर जुनी वेस दिसली, झाडांतून पांढरे घुमट दिसले. नववीतील एका मुलाने खिडकीतून पाहत विचारले, “बाई, हे कोणते गाव? येथे उतरायचे नाही का?” मी म्हणाले, “वेळ नाही रे.” त्याच दुपारी वेरूळच्या उपाहारगृहात आम्ही चहाची वाट पाहत तासभर बसून होतो.

हैदराबादच्या मुलाने खुलताबादेत का उतरावे, हे त्या मुलाला मी तेव्हा सांगावयास हवे होते. गोवळकोंड्याजवळील कुतुबशाही घुमट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असतात. परंतु त्या वंशातील शेवटचा राजा तेथे नाही. अबुल हसन तानाशाह याचे गोवळकोंड्याचे राज्य आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ साली बुडाले. औरंगजेबाने त्याला दौलताबादच्या किल्ल्यात बंदीत ठेवले. ज्या चिनी महालासमोर उभे राहून आमच्या मुलांनी छायाचित्रे काढून घेतली, तोच त्याचा बंदिवास. १६९९ साली तो तेथेच मृत्यू पावला आणि घाटावर खुलताबादेत त्याला पुरण्यात आले. म्हणजे त्याचा तुरुंग आम्ही मुलांना दाखविला आणि त्याची कबर दाराशी जाऊन चुकविली! त्याला कैदेत टाकणारा औरंगजेब १७०७ साली वारला. तोही याच गावी, जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या मातीखाली आहे. जेता आणि जित एकाच वेशीच्या आत. समोरच बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा असून तेथे हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक, १७४८ साली निधन पावलेला पहिला निजाम, याची कबर आहे. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांचे वडीलही याच गावी. ज्या शहरात आपण राहतो त्याच्या इतिहासाची इतकी पाने त्या पठारावर आहेत, आणि आमची बस तेथे वेगही कमी करीत नाही.

आता घाटाखाली पाहू. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. घृष्णेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला. पुढे अहिल्याबाई होळकरांनी ते नव्याने बांधविले. मालोजींचे पुत्र शहाजी व शरीफजी १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर मलिक अंबरच्या बाजूने लढले, आणि शरीफजींना तेथेच वीरमरण आले. त्या मलिक अंबरची कबर कोठे आहे? वेरूळच्या वर, खुलताबादेत! आणि १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरास आले, तेव्हा त्यांचे स्वागत करणारा राजा कोण? हाच तानाशाह. शिवरायांच्या पूर्वजांचे गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि शिवरायांना आपल्या नगरात सन्मानाने उतरविणारा राजा त्याच डोंगराच्या माथ्यावर. मधले अंतर चार-पाच किलोमीटरांचे. शिवचरित्राच्या प्रेमापोटी जे पालक खुलताबाद नको म्हणाले, त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्याचे काम माझे होते.

वस्तुतः हा डोंगर एकच आहे. आपण त्याच्या तीन सहली केल्या आहेत. यात्रेकरू येतात ते घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन, प्रसादाची पुडी घेऊन परततात. हाकेच्या अंतरावरील लेण्यांकडे पुष्कळांची पावले वळत नाहीत. प्रवासी येतात ते लेणी पाहतात आणि देवळाला ‘ते अलीकडचे’ म्हणून बाजूला सारतात. दर्ग्यांस जाणारे वरच्या वर जातात. श्रावणातील शनिवारी निजलेल्या भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी मैलोगणती चालत लोक येतात तेही याच खुलताबादेत, ही गोष्ट गाव गाळणाऱ्यांच्या ध्यानात नसते. खुद्द लेण्यांची रचना मात्र अशी फुटीर नाही. एकाच कड्याच्या पोटात एका ओळीने चौतीस लेणी: पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीच्या त्या भव्य दालनाला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणत आले, आणि सुतार मंडळी विश्वकर्मा समजून तिला हात जोडीत आली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, माथ्यापासून पायापर्यंत खोदून काढलेला कैलास सोळाव्या क्रमांकावर. जैन लेण्यांच्या वर डोंगरात शके ११५६ मधील पार्श्वनाथाची मूर्ती असून तिची पूजा आजही चालते. पुढे चक्रधरस्वामी या लेण्यांत राहून गेले, हे लीळाचरित्राच्या वाचकांना ठाऊकच आहे.

पालकांच्या शंकेत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पूजास्थान म्हणजे संग्रहालय नव्हे. जेथे कोणी डोळे मिटून बसला आहे तेथे चाळीस मुलांचा घोळका नेऊन मोठ्याने सनावळ्या सांगणे, हा उद्धटपणाच होय. मग ते देऊळ असो की दर्गा. त्यासाठी शिस्त हवी. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी सदरा उतरवून जावयाचे असते, दर्ग्यात मस्तक झाकावयाचे असते. हे जेथल्या तेथे पाळावे आणि बोलावयाचे ते बाहेर येऊन बोलावे. परंतु कबरीपाशी उभे राहणे म्हणजे कबरीला वंदन करणे, हे मला मान्य नाही. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध कोणी व कसा करविला, हे मी फळ्यासमोर प्रतिवर्षी शिकविते. हिंदुस्थानभर सत्ता गाजवून अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत झगडत राहिलेला तो बादशहा कोठे येऊन थांबला, हे त्या मातीसमोर सांगितले तर अधिक उमजेल, असे मला वाटते. तेथे काय वाटून घ्यावयाचे ते मुले ठरवतील.

हा विषय मला इतका लागण्याचे एक घरगुती कारण आहे. आमचे घर कोकणी, कुलदैवत मंगेश. लहानपणी दर दोन वर्षांनी आम्ही गोव्यास प्रियोळच्या डोंगराळ भागातील मंगेशीस जात असू. अभिषेक, महाप्रसाद, तळ्याकाठी थोडे बसणे, आणि परतीची बस. १५६० साली पोर्तुगीज अंमलात हा देव मूळ स्थानाहून, झुवारीकाठच्या कुठ्ठाळीहून, नदीपार आणावा लागला, ही कथा वडील नेहमी सांगत. पण कुठ्ठाळीस मात्र कधी नेले नाही. “तेथे आता काय आहे पाहण्यासारखे?” हे त्यांचे उत्तर. मी पदवीधर झाल्यावर एकटी तेथे गेले. पाहण्यासारखे फारसे नव्हते हे खरे. परंतु नदीच्या त्या रुंद पात्राकडे पाहताना, देव घेऊन रातोरात पलीकडे जाणे म्हणजे काय, हे मला प्रथमच समजले. गाभाऱ्यासमोर हात जोडून ते इतक्या वर्षांत समजले नव्हते.

पुढील सहलीचा आराखडा मी पुन्हा केला आहे. त्यात अजिंठा नाही, पैठण नाही, शिर्डी तर नाहीच. काही मुले हिरमुसतील, त्याला इलाज नाही. पहिल्या दिवशी दौलताबाद, चिनी महालापाशी पुरेसे थांबून. मग घाट चढून खुलताबाद, आणि मुक्काम तेथेच पठारावर. दुसरा संपूर्ण दिवस वेरूळास. सकाळी डोंगर उतरून कैलासाच्या माथ्यावरील पायवाटेने जावयाचे, कारण ते लेणे वरून पाहिल्याखेरीज कारागिरांनी छिन्नी प्रथम कोठे लावली हे कळत नाही. नंतर खाली आत, मग बाकीची लेणी रमतगमत, आणि सायंकाळी घृष्णेश्वर. (लेणी मंगळवारी बंद असतात, सहलीचे दिवस ठरविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

पालकांची सभा पुढील महिन्यात आहे. या खेपेस आराखड्याबरोबर एक नकाशाही नेणार आहे: खाली भोसल्यांचे वेरूळ, वर तानाशाहाचे खुलताबाद, मध्ये घाटाची वळणे. तो काढून देण्याचे काम, खिडकीतून प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने आपण होऊन मागून घेतले आहे.