जपानची संध्याकाळ कशी करावी?

आपल्या कब-बुलबुल पथकाने येत्या शनिवारी 'जपानची संध्याकाळ' करायची ठरवली आहे. कुणी म्हणाले, किमोनो भाड्याने आणू. ते ऐकून माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "मग मी नाही येणार गं." भाड्याला पैसे कुठून आणणार ती?

माझे मत असे, की पोशाखावाचून काही अडत नाही. जुन्या वहीची पाने चौकोनी कापून करकोचे घडवू. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सदाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. दवाखान्यात ती कागदाचे करकोचे करी. १९५५ साली ती वारली. तिची गोष्ट सांगू. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला, म्हणून पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये 'इंदिरा' हत्तीण पाठवली, तेही सांगू.

जपानात मुले आपली शाळा स्वतः झाडतात. आपणही शेवटी पटांगण झाडू. केरसुणी तर सगळ्यांच्याच घरी आहे!

सांगा बरं, माझं काही चुकलं का?