शांततेसाठी सत्य सोडायचे?



‘सलोखा राखायचा तर ख्रिस्ती माणसाने खरे बोलणे जरा आवरावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, तरी माघार घेतली नाही. स्वभाव तापट, पण पत्नी लक्ष्मीबाईंवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० साली, स्वतःच्या मनाने.

हीच रीत इथे वैजापुरातही दिसते. कापूस विकायला काढला की वजनासाठी पाणी मारण्याचा सल्ला देणारे भेटतातच. ‘मला ते जमणार नाही’ म्हणून कोरडाच माल काट्यावर घालणारी ख्रिस्ती कुटुंबे मी पाहतो. सल्ला देणाऱ्याला ती उपदेश करीत नाहीत, आणि त्याच्याकडची ऊठबसही सोडत नाहीत. पत्रलेखकांनी एकदा येऊन पाहावे.

– एक वाचक, वैजापूर