नाते संपले, नोकरी उरली. साहेबांविरुद्ध कायदा कुठवर साथ देतो?

विशेष प्रतिनिधी, बल्लारपूर

वरिष्ठाशी स्वखुशीने जुळलेले नाते तुटले आणि त्यानंतर त्याच वरिष्ठाने कार्यालयात छळ आरंभला, तर कायदा स्त्रीच्या बाजूने उभा राहतो काय? बहुतेकांच्या मनात या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार असते. 'तेव्हा कुठे गेली होती तक्रार?' असे विचारले की पानठेल्यावरची चर्चा संपते. बल्लारपूरसारख्या गावात ती अधिकच लवकर संपते. कागद कारखाना, कोळसा खाणी, लाकूड आगार आणि रेल्वे यांच्या भोवती वाढलेल्या या गावात साहेब आणि कर्मचारी एकाच वसाहतीत राहतात, एकाच बाजारात भेटतात. येथे नाते लपत नाही आणि तक्रारही लपत नाही.

कायद्याचे उत्तर मात्र वेगळे आहे. 'कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण अधिनियम, २०१३' हा स्त्रीचे पूर्वीचे नाते कसे होते हे विचारत नाही. तक्रारीतील वर्तन तिला नकोसे होते की नाही, एवढेच विचारतो. काल दिलेली संमती आज लागू होत नाही. कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर अशाच परिस्थितीचे वर्णन आढळते: नोकरीत झुकते माप देण्याचे आमिष, नुकसान करण्याची धमकी, आताच्या वा पुढच्या नोकरीबद्दल धाक, कामात अडथळे, अपमानास्पद वागणूक. लैंगिक छळाशी जोडलेल्या अशा गोष्टीही छळच ठरतात. 'पूर्वीसारखी वाग, नाहीतर गोपनीय अहवाल पाहून घेतो' हे वाक्य त्यात सरळ बसते.

फौजदारी बाजूलाही तोच न्याय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळाला, तर कलम ७८ मध्ये पाठलागाला शिक्षा आहे. पूर्वी संमतीने काढलेले खासगी छायाचित्र संमतीविना इतरांना दाखवणे हा कलम ७७ खाली गुन्हा ठरतो. आणि अशा खटल्यांत संमतीचा मुद्दा निघाला, तर स्त्रीचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक अनुभव हा पुरावा गैरलागू असल्याचे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ४८ सांगते. त्या आधीच्या तारखांच्या घटनांना अर्थातच जुनी दंडसंहिता लागू राहते.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. नाते तुटल्यावर संतापाच्या भरात पुष्कळदा पहिली धाव 'लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार' या आरोपाकडे जाते. न्यायालयात तो टिकवणे अवघड आहे. 'प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वचन दिले त्याच वेळी ते न पाळण्याचा इरादा असला पाहिजे आणि स्त्रीच्या निर्णयाशी त्या वचनाचा थेट संबंध असला पाहिजे. नुसता वचनभंग पुरत नाही. नवी मुंबईतील दीर्घकालीन संबंधाचे प्रकरणही न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केले. न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये आता नोकरी वा बढतीच्या खोट्या आमिषाचाही समावेश झाला आहे, ही बाब साहेब-कर्मचारी संबंधांत महत्त्वाची. तथापि तेथेही फसवणूक सिद्ध करावीच लागते. आमच्या मते, नाते कसे जुळले यावर खटला उभारण्यापेक्षा ते संपल्यावर काय घडले यावर तक्रार उभारणे अधिक भक्कम ठरते. तेथे तारखा असतात, संदेश असतात, आदेश असतात.

मात्र तारखांचेच गणित सर्वांत घातक आहे. कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे दार बंद. पश्चिम बंगालमधील विधी विद्यापीठाच्या प्रकरणात शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची होती. मधल्या काळात आपल्याला पदावरून दूर केले, तो छळाचाच पुढचा भाग होता, असे तक्रारदार प्राध्यापिकेचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. ती कारवाई स्वतंत्र, प्रशासकीय स्वरूपाची मानली आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. कुलगुरूंच्या परिचयपत्रात या निकालाची नोंद राहील, एवढा आदेश तेवढा दिला. नाते संपल्यानंतरचा छळ बहुधा असाच कागदी वेष घेऊन येतो. बदली, कारणे दाखवा नोटीस, कामाचे चुकीचे मूल्यमापन. त्याचा धागा नकाराशी जोडून दाखवणे, आणि तेही मुदतीत, ही जबाबदारी तक्रारदार स्त्रीवर पडते.

तो धागा जोडता येतो, याचेही उदाहरण आहे. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतील एका महिला अधिकाऱ्याने गैरव्यवहार आणि छळाविषयी तक्रारी केल्या, तेव्हा तिची जबलपूर जिल्ह्यातील कनिष्ठ दर्जाच्या शाखेत बदली झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बदली सूडाची ठरवून रद्दबातल राहू दिली. तिची तक्रार लेखी होती, बदलीच्या आधीची होती.

लेखी नोंदीचे मोल विदर्भाच्या वनखात्याने फार महाग किमतीत पाहिले. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी जीवन संपवले. उपवनसंरक्षकांकडून होणाऱ्या छळाची व्यथा वरिष्ठांच्या कानावर घालूनही काही झाले नाही, अशी कैफियत त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात होती. त्या प्रकरणात वैयक्तिक नात्याचा प्रश्न नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण वर्दीतल्या, राजपत्रित अधिकारी असलेल्या स्त्रीचीही दाद जंगलातल्या कार्यालयातून वर पोचत नसेल, तर नात्याचे ओझे घेऊन उभ्या असलेल्या कंत्राटी लिपिकेचे काय, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विचारलाच पाहिजे.

कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, या सर्व स्त्रिया कायद्यात येतात. राजीनामा दिलेलीही येते. म्हणून घाईने राजीनामा द्यावा असे मात्र नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नसेल तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, जो मोठ्या आस्थापनांसाठी किरकोळच म्हणायचा. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे आणि अहवालानंतर ६० दिवसांत कार्यवाही झाली पाहिजे. चौकशी सुरू असतानाच स्त्रीला लेखी अर्ज करून तीन महिन्यांपर्यंत रजा, तिची किंवा साहेबांची बदली, आणि तिचा गोपनीय अहवाल साहेबांऐवजी दुसऱ्याने लिहावा अशी सोय मागता येते. शेवटची सोय फारच थोड्यांना ठाऊक असते. पोलिसांत जायचे असल्यास मालकाने साहाय्य करणेही कायद्याने बंधनकारक आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

समितीची घाईही तक्रारदाराच्याच मुळावर येते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. चौकशी झाली, सेवेतून काढण्यात आले. परंतु बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी, प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवले. याच खटल्यात न्यायालयाने समित्या सर्वत्र आहेत की नाहीत, हे तपासण्याचे आदेश दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याची मुदत घालून दिली.

जेथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती हा मार्ग आहे. बल्लारपूरच्या स्त्रीने त्यासाठी चंद्रपूरला खेटे घालण्याचे कायद्याला अभिप्रेत नाही. प्रत्येक तालुक्यात आणि नगरपालिका क्षेत्रात तक्रार स्वीकारणारा एक समन्वय अधिकारी नेमलेला असावा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी तरतूद सहाव्या कलमात आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक तहसील आणि नगरपरिषदेच्या दर्शनी भागात लावण्यास कोणत्याही नव्या आदेशाची गरज नाही.