‘टुमॉरो’ दिसले की ‘फ्यूचर’?

सातवीच्या एका उत्तरपत्रिकेची छायाप्रत या आठवड्यात एका वाचकाने पाठवली. शाळेचे नाव त्यांनी झाकले आहे आणि ते योग्यच आहे, कारण हा दोष एका शाळेचा नाही. प्रश्न काळ ओळखण्याचा होता. वाक्य होते, ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो.’ मुलीने लिहिले, ‘सिम्पल प्रेझेंट’. त्यावर लाल शाईची फुली, शेजारी ‘सिम्पल फ्यूचर’ अशी दुरुस्ती आणि ‘टुमॉरो’ या शब्दाभोवती शिक्षकांनी काढलेले गोल. मुलीचा एक गुण गेला. तिचे उत्तर बरोबर होते.

सगळा घोटाळा त्या गोलात आहे. काळ क्रियापदाचा विचारला होता आणि पेन फिरले क्रियाविशेषणाभोवती. ‘लीव्ह्ज’ हा शब्द तपासणाऱ्याच्या नजरेला पडलाच नाही. गाईडांतून आणि शिकवण्यांतून फिरणारी यादी जुन्या वाचकांना आठवत असेल : ‘नाऊ’ आले की कंटिन्युअस, ‘जस्ट’ किंवा ‘ऑलरेडी’ आले की परफेक्ट, ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ आले की परफेक्ट कंटिन्युअस, ‘यस्टरडे’ आले की पास्ट. या यादीविरुद्ध इथे याआधीही लिहिले गेले आहे आणि प्रत्येक वेळी शिक्षकांची पत्रे येतात, ‘मग मुलांनी ओळखायचे कशावरून?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना पाठ असलेले एक इंग्रजी वाक्य पुरेसे आहे.

2 एप्रिल 2011, वानखेडे. श्रीलंकेच्या 274 धावांचा पाठलाग, एकोणपन्नासावे षटक, कुलसेकराचा चेंडू आणि महेंद्रसिंग धोनीचा षटकार. समालोचक रवी शास्त्री म्हणाले, ‘धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल’ आणि पाठोपाठ ‘इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेंटी एट इयर्स’. यातली क्रियापदे पाहा. ‘फिनिशेस’, ‘लिफ्ट’. दोन्ही साधा वर्तमानकाळ. आता शाळेतला नियम लावून बघू : सिम्पल प्रेझेंट सवयींसाठी आणि त्रिकालाबाधित सत्यांसाठी. सूर्य पूर्वेला उगवतो, आई रोज सहाला उठते. धोनीचा तो षटकार सवयीचा नव्हता आणि विश्वचषक भारताने दर रविवारी उचलायची पद्धतही नाही. वहीतल्या दुसऱ्या नियमाने, म्हणजे ‘आत्ता घडते आहे, म्हणून कंटिन्युअस’ या नियमाने गेले, तर शास्त्रींनी ‘धोनी इज फिनिशिंग ऑफ’ म्हणायला हवे होते. इंग्रजी ज्याच्या कानात आहे तो हे वाक्य ऐकून पुढच्या चेंडूची वाट बघेल, कारण त्याचा अर्थ होतो की सामना अजून संपतोच आहे.

त्याच क्षणी दादरच्या, सांगलीच्या, नांदेडच्या घरांत टीव्हीसमोर लोक काय ओरडले? ‘मारला!’ आणि ‘जिंकलो!’ चेंडू अजून हवेत आहे आणि मराठी माणूस भूतकाळात बोलतो आहे. पडद्यावर एकच फटका, घड्याळात एकच क्षण. इंग्रजीने त्यासाठी वर्तमानकाळाचे रूप घेतले, मराठीने भूतकाळाचे, आणि दोघांपैकी कोणीच चुकले नाही. इंग्रजीत साध्या वर्तमानाने क्रिया सुरुवातीपासून शेवटापर्यंत सबंध दाखवता येते, म्हणून फटका, झेल, त्रिफळा अशा झटक्यात होणाऱ्या गोष्टींना समालोचक तेच रूप लावतो. तोच समालोचक गोलंदाज सीमारेषेकडून चालत येत असताना किंवा क्षेत्ररक्षक पांगत असताना ‘इंग’ लावतो, कारण तिथे क्रिया सुरू असलेली दाखवायची आहे. मराठीत झटक्यात होऊन गेलेल्या गोष्टीला ‘ला’ प्रत्यय लागतो. पडला, सुटला, मारला. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला भूतकाळ म्हणतात, पण मैदानावर तो आत्ताचा काळ असतो.

एवढे ज्या मुलाला दिसले, त्याला काळ ओळखण्याची किल्ली सापडली. रूप एक गोष्ट आणि वेळ दुसरी. रूप क्रियापदावर दिसते, वेळ संदर्भातून कळते. प्रश्नपत्रिका ‘काळ ओळखा’ म्हणते तेव्हा ती रूप विचारत असते. ‘लीव्ह्ज’ हे वर्तमानाचे रूप आहे, गाडी उद्या सुटणार असली तरी. वेळापत्रकात ठरलेल्या गोष्टीला इंग्रजी हेच रूप लावते.

मराठी मुलाला हे नवीन नाही, हीच खरी चुटपुट आहे. आई खालून हाक मारते आणि मूल जागचे न हलता म्हणते, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचे, येणे अजून व्हायचे आहे. ‘पडलास तर लागेल’ यातल्या ‘पडलास’मध्ये कोणी पडलेले नाही. ‘बाबा आत्ता ऑफिसात असतील’ यात भविष्याचे रूप आहे आणि बोलणे आत्ताबद्दल आहे, अंदाजाने. इंग्रजीत याच्या शेजारी काय बसते ते बघा. ‘इफ आय न्यू’ म्हणजे ‘मला माहीत असते तर’, बोलणे आजचे आणि रूप भूतकाळाचे. ‘इट्स टाइम यू वेंट टु बेड’ मध्ये मूल अजून झोपायला गेलेलेच नसते. दाराची बेल वाजली की ‘दॅट विल बी द पोस्टमन’, जेव्हा पोस्टमन दाराशी आधीच उभा असतो. मराठीही रूप आणि वेळ यांची अशीच फारकत करते. ‘विल’चे आणि आपल्या ‘असेल’चे तर एकाच घरातले वागणे आहे.

आपल्या व्याकरणाने ही फारकत शास्त्र म्हणून मांडूनही ठेवली आहे. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात ही नावे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना पाठ असतात. क्रियापदाच्या रूपाला त्याच्या प्रत्ययावरून नाव द्यायचे आणि ते रूप कोणत्या अर्थाने वापरले ते मागाहून पाहायचे, अशी ती पद्धत. ‘आलोच’ हे लाख्यातच राहते, येणारा अजून माडीवर असला तरी. इंग्रजीच्या तासाला नेमके हेच हवे असते, पण पन्नास मिनिटांपूर्वी मराठीच्या तासाला झालेले व्याकरण इंग्रजीच्या फळ्यापर्यंत पोचत नाही.

इंग्रजीचे व्याकरणकारही याच वाटेने गेले. क्वर्क आणि सहकाऱ्यांचे 1985 चे मोठे व्याकरण आणि हडलस्टन-पुलम यांचे 2002 चे केंब्रिज व्याकरण, दोन्ही ग्रंथ सांगतात की रूपाने पाहिले तर इंग्रजी क्रियापदाला काळ दोनच : वर्तमान आणि भूत. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या पंक्तीतले सहायक. म्हणजे शाळेतला बारा काळांचा तक्ता फाडून टाका असे नाही. तो कसा तयार होतो ते दाखवा, एवढीच मागणी आहे.

‘शी हॅड बीन वर्किंग’ हे वाक्य फळ्यावर घ्या. क्रियापदातला पहिला शब्द ‘हॅड’. काळ फक्त पहिल्या शब्दावर असतो, म्हणून भूत. ‘हॅव’ कुळातल्या शब्दाला पुढे क्रियापदाचे तिसरे रूप लागते, म्हणून ‘बीन’, आणि हे झाले परफेक्ट. ‘बी’ कुळातल्या शब्दाला पुढे ‘इंग’ लागते, म्हणून ‘वर्किंग’, आणि हे झाले कंटिन्युअस. नाव आपोआप तयार : पास्ट परफेक्ट कंटिन्युअस. वर्तमान की भूत, ‘हॅव’ आहे की नाही, ‘बी’ आहे की नाही, या तीन प्रश्नांतून आठ घरे भरतात आणि ‘विल’ची चार धरून बारा होतात. पाठ करायला काही उरत नाही.

याच एका गोष्टीने ‘डिड यू वेंट’ ही आपली जुनी चूकही सुटते. काळ ‘डिड’ने उचलला, मग ‘गो’वर तो पुन्हा लादायचे कारण नाही. आणि ‘ही पुट द बुक ऑन द टेबल’ मध्ये एकही वेळदर्शक शब्द नाही, तरी काळ पक्का सांगता येतो. वर्तमान असता तर ‘पुट्स’ झाले असते. त्या एका ‘स’च्या गैरहजेरीवर पूर्ण उत्तर उभे आहे. ‘दे पुट’ असेल तर मात्र नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही आणि असा प्रश्न परीक्षेत येऊ नये.

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज स्वतः पालक आहेत. इतक्या वर्षांत दोन भाषांचे शिक्षक एका टेबलाशी बसून दोन्ही व्याकरणे शेजारी ठेवतात, असे चित्र फारसे कुठे दिसले नाही. इंग्रजी शिकायचे तर मराठी विसरा, हा स्पोकन इंग्लिशच्या क्लासांनी पसरवलेला समज त्याच्या मुळाशी आहे, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. त्याला आकडेवारी मागणाऱ्यांनी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी अशा क्लासांच्या पाट्या वाचाव्यात.

दोन जागी मराठी खरोखरच आडवी येते आणि तिथे वेळदर्शक शब्दांचा अभ्यास हवाच आहे. ‘पाहुणे कालच आलेत’ हे चोख मराठी. ‘आलेत’ म्हणजे आले आहेत, आपला पूर्ण वर्तमानकाळ, आणि त्याला ‘काल’ चालतो. इंग्रजीत ‘हॅव कम’च्या शेजारी ‘यस्टरडे’ बसत नाही. विश्वचषकाच्या रात्री ‘इंडिया हॅव वन’ म्हणता येते, पण वाक्यात ‘ऑन सॅटर्डे’ आले की ‘हॅव’ गळते आणि नुसते ‘वन’ उरते. दुसरी अडचण उलट बाजूची. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय’ हे आपले वाक्य जसेच्या तसे नेले की ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ होते आणि एका वाक्यात दोन चुका होतात. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’ हवे. राहणे मागे सुरू होऊन आजपर्यंत पोचले, हे इंग्रजी क्रियापदातच सांगते, तर मराठीत ते काम ‘पासून’ एकटा करतो. यादी घोकण्यात जाणारे तास या दोन वाक्यांना द्यावेत. पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी नवी उदाहरणे घेऊन, आधी मराठीत बोलून आणि मग इंग्रजीत लिहून.