कागदाएवढी भिंत

पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेली गणेशमूर्ती आतून पोकळ असते. भिंत कुठे पातळ राहिली, हे कारागिराच्या बोटांना कळतं. नाकाच्या सर्जनला ती सोय नाही. नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड इतकं पातळ, की त्याच्या लॅटिन नावातच कागद आहे: लॅमिना पॅपिरेसिया. वर मेंदूचा तळ. तिथली वासाच्या नसांची खाच कुणाची २ मिलिमीटर खोल, कुणाची १०. केरोस या संशोधकाने १९६२ मध्ये या खोलीचे तीन प्रकार सांगितले. ८ मिलिमीटरच्या पुढे शस्त्रक्रियेत इजा होण्याचा धोका सर्वांत जास्त.

म्हणून सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन हवाच. रोह्याहून पहाटे निघून पनवेल-मुंबई गाठणाऱ्याला हा खर्च जड जातो, हे आम्ही जाणतो. ‘साधा एक्स-रे चालणार नाही का?’ हा प्रश्न रास्तच. पण एक्स-रेत सावल्या एकमेकींवर पडतात. नाकाचं डावं-उजवं छप्पर एका उंचीवर आहे का, हे सीटीत समोरून घेतलेल्या छेदांत दिसतं. ती फिल्म शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हवी. ऑपरेशनला निघताना ती घरी कपाटावर राहू देऊ नका.