दावतीच्या अंकाची डमी

लग्नसराई जवळ आली की घराघरांत एकच बोलणे सुरू होते. पाहुणे किती, देगा किती, हॉल कोणता? समारंभ कसा सजवावा हे सांगणारी चकचकीत मासिकेही याच दिवसांत हाती येतात. पण त्यांतला मंडप मुंबई-दिल्लीचा असतो आणि खर्चाचा आकडा सहसा नसतोच. नांदेड-लातूरच्या घरांसाठी दावतीच्या नियोजनाचा अंक काढायचा झाला, तर तो कसा असावा? या महिन्यात आम्ही तो आधी कोऱ्या कागदांवर करून पाहिला. छपाईवाले अशा कच्च्या नमुन्याला डमी म्हणतात.

डमीला संगणक लागत नाही. ए-फोर आकाराचे आठ कागद एकावर एक ठेवायचे, मधोमध दुमडायचे आणि घडीवर दोन पिना मारायच्या. बत्तीस पानांचा अंक तयार! एका कागदाची चार पाने होतात, म्हणून पिना मारलेल्या अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत असतात. पहिले आणि 32 वे पान एकाच कागदावर येते. मधली 16 आणि 17 ही पाने मात्र सलग उघडतात आणि पिना काढल्या की भिंतीवर लावता येतात. कोणता मजकूर कुठे जाईल, हे इथेच ठरू लागते.

मजकुराच्या मांडणीसाठी आम्हाला लातूरची गंजगोलाई आठवली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि मधली इमारत 1917 साली उभी राहिली. भोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याचा बाजार वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. नवखा माणूस मध्ये उभा राहिला तरी कुठे जायचे ते त्याला कळते. दावतीच्या अंकातही मध्ये एकच गोष्ट हवी, ती म्हणजे पाहुण्यांची संख्या. तांदूळ, पाणी, ताटे, बैठक हे सगळे रस्ते तिथूनच फुटतात. म्हणून सजावटीची पाने शेवटी गेली आणि तिसऱ्या पानावर नावे लिहिण्याची यादी आली.

त्यानंतर स्वयंपाकाचे पान. बगारा खाना, दालचा, डबल का मीठा हा आपल्याकडचा ओळखीचा बेत. बिर्याणी असेल तर बावर्ची साधारणपणे एक किलो तांदळामागे आठ-दहा माणसे धरतात. म्हणजे 300 पाहुण्यांना 30 ते 38 किलो. पाहुण्यांचा आकडा नीट लिहिला असेल, तर उगाच एक देग जास्त चढत नाही.

पाण्याला आम्ही वेगळे पान दिले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते याच लातूरला. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना अर्धी पिऊन टाकलेली बाटली खटकल्याशिवाय राहत नाही. शेजारी ताटांचा रकाना आहे. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात मार्च 2018 पासून बंदी आहे. तेव्हा भाड्याची स्टीलची ताटे किंवा पानांच्या पत्रावळी.

सर्वांत जास्त वेळ खर्चाच्या पानाला लागला. ‘रक्कम’ या रकान्याशेजारी आम्ही आणखी दोन रकाने आखले: ‘कुठून येणार’ आणि ‘उसने असेल तर कधी फिटणार’. हा तिसरा रकाना भरत गेला, तर बेत ऐपतीबाहेर चालला आहे हे बापाला निकाहाच्या आधीच दिसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना वलीमा करायला सांगितला, एका बकरीचा का होईना. हजरत सफिया (रजि.) यांच्या वलीम्यात खजूर, पनीर आणि तूप एवढेच होते. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे जेवण सर्वांत वाईट, असेही हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे तिसऱ्या पानावरची यादी नातेवाइकांपाशी थांबत नाही. गल्लीतल्या गरीब घरांसाठी तिथे वेगळ्या ओळी आहेत.

मधल्या दोन पानांवर दिवसाचे वेळापत्रक मांडले आणि खाली काही ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. मग पेन्सिलीसह ही डमी नांदेडच्या आणि लातूरच्या काही घरांत फिरवली. छापलेले पान खोडायला माणूस बिचकतो, पेन्सिलीच्या पानावर मात्र बिनधास्त लिहितो. एका दादींनी अक्षर मोठे करायला सांगितले. आणि दोन्ही शहरांतल्या बायकांनी कोऱ्या ओळींत जवळजवळ एकच प्रश्न लिहिला: पुरुषांचे दस्तरखान एक वाजता, बायकांचे अडीचला, मग घरच्या बायका आणि देगा घासणाऱ्या कधी जेवणार?

हा प्रश्न सजावटीच्या कुठल्याही मासिकात आम्हाला दिसलेला नाही. कित्येक दावतींत घरच्या अम्मी, खाला, सुना देगेच्या तळाशी उरलेले खातात, तेही संध्याकाळी. म्हणून वेळापत्रकाची पहिली ओळ आता अशी आहे: पहिले दस्तरखान अंथरण्याआधी घरच्या बायकांचे आणि कामकऱ्यांचे जेवण वेगळे काढून ठेवावे. त्याखाली हे काम कोण करणार, त्याचे नाव लिहायला जागा आहे. शक्यतो ते नाव पुरुषाचे असावे.

अंक छापून येईल तेव्हा येईल. ज्यांच्या घरी या मोसमात निकाह आहे, त्यांनी आठ कागद दुमडून आपली डमी आजच करावी. मात्र पेन्सील एकट्या अब्बांच्या हातात ठेवू नये. ती घरातल्या प्रत्येकाकडे एकदा फिरू द्यावी, स्वयंपाकघरातही.